संबोधि आणि समज : सोपाऱ्याच्या पुराव्यावरून ज्ञानी पुरुषाचें लक्षण

जुन्या पोथ्यांचे संग्रह चाळणारांस एका गोष्टीचा परिचय लवकरच होतो. ज्या पुरुषाचें चरित्र, पद किंवा प्रकरण हातीं येतें, त्याच्या नांवामागें 'सिद्ध', 'ज्ञानी', 'साक्षात्कारी', 'जीवन्मुक्त' यांपैकीं एखादें विशेषण बहुधा लागलेलें असतें. लेखनकाल, लेखकाचें नांव, कागद, शाई यांची छाननी आपण दक्षतेनें करतों. हें विशेषण मात्र सहसा कोणी तपाशीत नाहीं. भाविक तें जसेंच्या तसें घेतो, व चिकित्सक तें अतिशयोक्ति म्हणून सोडून देतो. या शब्दाला कांहीं निश्चित अर्थ आहे, आणि तो एखाद्या पुरुषास लागू पडतो कीं नाहीं हें पाहण्याच्या कसोट्या आपल्या जुन्या ग्रंथकारांनींच सांगून ठेविल्या आहेत, ही गोष्ट दोघांच्याही लक्षांतून निसटते. त्या कसोट्या कोणत्या, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. नवी मुंबईहून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल अशा अंतरावर, वसईच्या खाडीच्या उत्तरेस, सोपारें हें गांव आहे. पूर्वीं तें ठाणें जिल्ह्यांत होतें, इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतें. संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक व पालींतील सुप्पारक तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तांत कल्याणाबरोबर या बंदराचेंही नांव येतें. बोधप्राप्त पुरुष कोणास म्हणावें, या प्रश्नाशीं संबद्ध असे दोन ग्रंथगत व दोन वास्तुगत पुरावे या एका गांवाभोंवतीं एकवटले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले असतां त्यांतून एकच अर्थ निघतो, असें आमचें मत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. हल्लीं अशा पुरुषाविषयीं लिहितांना प्रकाश, तेज, दीप्ति हीं रूपकें फार वापरण्यांत येतात. आपल्या मूळ संज्ञांत मात्र प्रकाशाचा उल्लेख नाहीं. 'बुद्ध' हा शब्द 'बुध्' म्हणजे जागें होणें, जाणणें या धातूचा आहे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. 'सिद्ध' हा शब्द 'सिध्' धातूचा. त्याचें 'सिध्यति' हें रूप प्राकृतांत 'सिज्झइ' व मराठींत 'शिजणें' झालें. म्हणजे भाषेच्या नात्यानें पाहतां सिद्ध तो शिजलेला; आणि शितावरून भाताची परीक्षा करणारी आपली म्हण या नात्याला साजेशीच आहे. तिसरा शब्द याहूनही महत्त्वाचा. 'सम्' उपसर्गासह 'बुध्' धातूचें 'संबुध्यते' हें रूप. त्याचें प्राकृत 'संबुज्झइ', आणि त्यापासून आपलें 'समजणें'. तेव्हां ज्या 'संबोधि' शब्दाचा उच्चार आपण आदरानें व कांहींशा भीतीनें करतों, त्याचें सख्खें भावंड रोजच्या बोलण्यांतील 'समज' हें आहे. व्युत्पत्तीवरून सिद्धांत काढूं नये हें खरें. परंतु पुढील पुराव्याकडे पाहतांना हें नातें ध्यानांत ठेवणें उपयोगाचें आहे.

पहिला पुरावा पाली उदानाच्या पहिल्या वर्गांतील. या वर्गाचें नांवच बोधिवग्ग असें असून त्याच्या शेवटच्या सुत्तांत बाहिय दारुचीरिय याची कथा आहे. दारुचीरिय म्हणजे झाडाच्या सालींचें वस्त्र नेसणारा. हा सुप्पारकास समुद्रतीरीं राहत असे. लोक त्याचा सत्कार करीत. अन्न, वस्त्र, औषध, राहण्याची जागा यांपैकीं त्यास कशाचीही उणीव नव्हती. एके दिवशीं त्याच्या मनांत आलें कीं, जगांत जे कोणी अर्हत् आहेत किंवा अर्हत्त्वाच्या मार्गास लागले आहेत, त्यांपैकीं आपणही एक असूं. तेव्हां त्याच्या पूर्वजन्मींच्या आप्तांपैकीं एका देवतेनें त्यास सांगितलें कीं, तूं अर्हत् नाहींस, व ज्या रीतीनें अर्हत् होतां येईल ती रीतिही तुझ्यापाशीं नाहीं. धम्मपदाच्या अट्ठकथेंत याची पूर्वपीठिका दिली आहे. बाहिय हा गलबत फुटून किनाऱ्यास लागलेला माणूस. अंगावर वस्त्र नाहीं म्हणून त्यानें साली गुंडाळल्या. लोकांनीं त्यावरून त्यास साधु मानलें. आणि पुढें त्यांनीं वस्त्रें आणून दिलीं असतां, तीं नेसलीं तर मिळणारा मान नाहींसा होईल म्हणून त्यानें तीं घेतलीं नाहींत.

कथेचा पुढील भाग अनेकांस ठाऊक असेल. देवतेचें बोलणें ऐकतांच बाहिय तेथून निघाला तो श्रावस्तीस गेला. बुद्ध भिक्षेस निघाले होते. त्यांनीं दोन वेळां ही वेळ नव्हे म्हणून सांगितलें. परंतु आयुष्याचा भरंवसा नाहीं असें म्हणून त्यानें तिसऱ्यांदां विनविलें. तेव्हां रस्त्यांतच त्यास अगदीं थोडक्यांत उपदेश मिळाला. जें दिसतें त्यांत दिसण्यापलीकडचें आणि जें ऐकूं येतें त्यांत ऐकण्यापलीकडचें आपल्या पदरचें कांहीं मिसळूं नये, हा त्या उपदेशाचा भावार्थ. तेवढ्यानें त्याचें चित्त मुक्त झालें. थोड्याच वेळांत वासरासह असलेल्या एका गाईनें त्यास मारिलें. बुद्धांनीं भिक्षूंकडून त्याचें दहन करविलें, स्तूप बांधविला, आणि भिक्षूंनीं विचारल्यावर बाहिय परिनिर्वाण पावला असें सांगितलें. अंगुत्तरनिकायांत त्वरित बोध होणाऱ्या शिष्यांमध्यें त्याचें नांव अग्रभागीं आहे.

या कथेंतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. लोकांनीं दिलेला मान हा बोधाचा पुरावा नव्हे. स्वतःची प्रामाणिक समजूत, हाही पुरावा नव्हे. आणि ज्या वेळीं बोध झाला त्या वेळीं बाहियानें तो झाला असें कोणास सांगितल्याचें ग्रंथांत नाहीं; साक्ष दुसऱ्यानें दिली, तीही विचारल्यावर. बाहियाचा खरा अधिकार कोठें दिसतो? 'तूं तो नव्हेस' असें ऐकतांच तो न रागावतां, न वाद घालतां उठून चालूं लागला, तेथें. इतक्या वर्षांचा मान एका वाक्यावर टाकून देतां येणें, हीच त्याच्या समजेची पहिली खूण.

याच दृष्टीनें विनयपिटकांतील दोन नियम पाहण्यासारखे आहेत. अंगीं नसलेल्या लोकोत्तर अवस्थेचा दावा करणाऱ्या भिक्षूस संघांत स्थान नाहीं. हा चौथा पाराजिक. भ्रमानें, म्हणजे खरोखरीच तसें वाटून दावा केला असेल तर त्यास या दोषांतून वगळलें आहे. बाहियाचा प्रकार या सदरांत बसता. याहून सूक्ष्म नियम पाचित्तियांत आहे : अवस्था खरोखर प्राप्त झाली असली, तरी ती उपसंपदा न घेतलेल्या माणसास सांगणें हा दोषच. खोटें बोलूं नये, हें कोणीही सांगेल. पण खरें असतांही सांगूं नये, असा नियम करणारांनीं हा विषय किती खोलवर पाहिला होता हें यावरून दिसतें. सांगितल्याबरोबर भिक्षेचें पात्र भरूं लागतें, आणि मग सांगणाराचा हेतु शुद्ध राहिला कीं नाहीं हें त्याचें त्यासही कळेनासें होतें.

दुसरा ग्रंथगत पुरावा पूर्णाचा. दिव्यावदानांतील पूर्णावदानाप्रमाणें हा शूर्पारकांतील भव नांवाच्या गृहस्थास दासीपासून झालेला पुत्र. व्यापारांत त्यानें मोठें नांव मिळविलें, अनेक सागरसफरी केल्या, आणि एका सफरींत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचनें ऐकून तो तिकडे ओढला गेला. मज्झिमनिकायांतील पुण्णोवाद सुत्तांत बुद्ध व तो यांचा संवाद आहे. पूर्णास सुनापरान्त देशीं जावयाचें होतें. तेथील लोक तापट व कठोर अशी ख्याति. लोकांनीं शिव्या दिल्या तर काय करशील, असें विचारतां तो म्हणाला कीं, हाताने मारीत नाहींत हा त्यांचा चांगुलपणा, असें समजेन. हातानें मारलें तर? ढेकळें मारीत नाहींत हें चांगलें. याप्रमाणें ढेकूळ, काठी, शस्त्र अशी चढती भाजणी लागते, व शेवटीं प्राण घेतले तरी काय, येथपर्यंत प्रश्न जातो. त्याचेंही उत्तर तितक्याच शांतपणें मिळाल्यावर त्यास जाण्याची अनुज्ञा झाली.

येथें परीक्षेची रीति लक्षांत घेण्यासारखी आहे. पूर्णास समाधींत काय दिसलें, कोणती सिद्धि मिळाली, हें कोणी विचारीत नाहीं. अमुक मनुष्य तुझ्याशीं असा वागला तर तूं कसा वागशील, एवढेंच विचारलें जातें. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुनाचा प्रश्नही याच जातीचा आहे. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, असें तो विचारतो. दोन परंपरांचे सिद्धांत भिन्न असूनही परीक्षकाची दृष्टि एकच असावी, हें अकस्मात् नव्हे.

आतां वास्तुगत पुरावे. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यास दोन शोध लाविले. भगवानलाल मूळचे जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याशीं असलेला अशोकाचा लेख त्यांच्या गांवचाच, व त्यांच्या लिपिज्ञानाचा आरंभही त्याच शिलेपासून झालेला. त्याच लेखमालेचा एक फुटका तुकडा त्यांस सोपाऱ्यास सांपडला. त्यावरील तुटक्या ओळी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाच्या आहेत. (नवव्या शासनाचा तुकडा पुढें इ. स. १९५६ मध्यें जवळच भुईगांव येथें मिळाला.) चौदा शासनांपैकीं नेमकें आठवेंच येथें टिकावें हा केवळ योगायोग, परंतु आपल्या विषयास तो फार अनुकूल आहे, कारण 'संबोधि' हा शब्द ज्यांत येतो तें शासन हेंच. संपूर्ण पाठ गिरनार, कालसी, धौली, शाहबाजगढी इत्यादि ठिकाणच्या प्रतींवरून लागतो.

शासनाचा आशय असा. पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत. तींत मृगया व तत्सम करमणुकी असत. देवानांप्रिय प्रियदर्शी राजा, अभिषेकास दहा वर्षें झालीं असतां, संबोधीस गेला. तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेंत श्रमण व ब्राह्मण यांचें दर्शन व त्यांस दान, वृद्धांचें दर्शन व त्यांस सुवर्णदान, जनपदांतील लोकांची भेट, धर्माचा उपदेश आणि धर्माविषयीं प्रश्नोत्तर, इतक्या गोष्टी होतात. राजास आतां यांतच अधिक आनंद वाटतो.

'संबोधीस गेला' म्हणजे काय, यावर विद्वानांत मतभेद आहे. ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं राजा बोधीच्या मार्गास लागला असा अर्थ केला, डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं बोधिवृक्षाचें स्थान, म्हणजे बोधगया, तेथें गेला असा केला. एक गोष्ट मूळ पाठांतूनच दिसते. गिरनारच्या प्रतींत येथें 'या' धातूचें व कालसीच्या प्रतींत 'निष्क्रम्' धातूचें रूप आहे. आणि पूर्वींचे राजे विहारयात्रेस 'निघत' हें सांगतांना दोन्ही प्रतींत तेच तेच धातु आले आहेत. यावरून दोन निघण्यांची तुलना राजाच्या मनांत होती हें उघड आहे. यामुळें भांडारकरांचा अर्थ आम्हांस अधिक सरळ वाटतो. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरतें पाहिलें तर दोन्ही अर्थांत फार अंतर पडत नाहीं. कारण संबोधि हा शब्द एकदां उच्चारून शासन तेथें थांबत नाहीं. राजास तेथें काय अनुभव आला याचें अवाक्षरही त्यांत नाहीं. नंतर तो काय करूं लागला, कोणास भेटूं लागला व त्याची गोडी कशांतून कशांत गेली, एवढेंच सांगितलें आहे. शिकारीची रुचि जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांस भेटण्याची रुचि लागली, ही या शासनाची साक्ष.

अशोकास या कारणास्तव बोधप्राप्त ठरवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. अभिषेकानंतर आठव्या वर्षीं त्यानें कलिंग जिंकला. दीड लक्ष माणसें पकडून नेलीं व एक लक्ष मारलीं गेलीं, हे आंकडे त्यानें स्वतःच तेराव्या शासनांत कोरविले व पश्चात्ताप प्रकट केला. तरीही कलिंग त्यानें परत दिला नाहीं, आणि त्याच शासनांत अरण्यवासी लोकांस आपल्या सामर्थ्याची आठवणही दिली. पहिल्या शासनांत तो म्हणतो कीं, राजाच्या पाकशाळेंत पूर्वीं लक्षावधि प्राणी मारले जात, आतां रोज तीनच, दोन मोर व एक हरीण, आणि हरीणही नेहमीं नाहीं. पुढें हेही मारले जाणार नाहींत. आपल्या सुधारणेंतील उणीव मोजून दगडावर लिहिणारा हा राजा संबोधि मिळाली असें कोठेंही म्हणत नाहीं. तिकडे निघालों, एवढेंच म्हणतो. विनयाच्या नियमास धरून हें झालें.

भगवानलालांचा दुसरा शोध स्तूपाचा. गांवकरी ज्या टेकाडास बुरूड राजाचा कोट म्हणत, तें खणल्यावर आंत दगडी पेटी निघाली. पेटींत तांब्याचा करंडा, त्याभोंवतीं आठ कांस्यमूर्ति. करंड्यांत एकांत एक असे आणखी करंडे; सर्वांत आंतील सोन्याचा, आणि त्यांत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते ठेविले असावेत, असें भगवानलालांनीं अनुमान केलें. यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणेंही त्यांत होतें. मूर्ति मात्र त्याहून कित्येक शतकें मागाहूनच्या आहेत. हा संचय मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. आठ मूर्तींपैकीं सात आजवर होऊन गेलेल्या बुद्धांच्या व आठवी पुढें होणाऱ्या मैत्रेयाची. पूर्वबुद्धांची ही कल्पना बरीच जुनी असून, अशोकानें चौदाव्या वर्षीं कनकमुनि बुद्धाचा स्तूप दुप्पट वाढविल्याचा लेख नेपाळच्या तराईंत निगाली सागर येथें आहे. सोपाऱ्याच्या पेटीचा अर्थ आम्ही असा लावतों : बोध ही एका पुरुषाची मिरास नव्हे, जागें होण्याची एक चालत आलेली रीति आहे, व पुढें येणाऱ्यासाठीं तींत जागा राखून ठेविलेली आहे. आणि सोन्यांत जपून ठेविलें काय, तर भीक मागण्याचें फुटकें मडकें. म्हणजे त्या पुरुषाच्या नित्याच्या वागणुकीची वस्तु.

हीच दृष्टि पुढें मराठी ग्रंथांत अखंड दिसते. गीतेच्या तेराव्या अध्यायांत 'ज्ञान' म्हणून जी यादी आहे, तिचा आरंभ अमानित्व व अदंभित्व यांनीं होतो. मान नको वाटणें व आपला धर्म मिरवूं नये असें वाटणें, हीं ज्ञानाचीं पहिलीं दोन लक्षणें. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत या पांच श्लोकांचा विस्तार शेंकडों ओव्यांत केला असून, तो जवळजवळ सर्व वागणुकीच्या दृष्टांतांनीं भरलेला आहे. दासबोधाच्या पांचव्या दशकांत बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांचीं लक्षणें क्रमानें चार समासांत दिलीं आहेत. समर्थांनीं सिद्धाचें मुख्य लक्षण निःसंदेहपण हें धरिलें. चमत्कार धरिला नाहीं. दुसऱ्या दशकांत त्यांनींच पढतमूर्खाचें लक्षणही देऊन ठेविलें, तें आम्हां ग्रंथ चाळणारांसाठीं.

आमच्या वाचकांस विशेष जवळचें उदाहरण एकनाथांचें. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून अपपाठ दूर केले, व या ग्रंथांत पुढें कोणी आपली ओवी घालूं नये असें बजाविलें. स्वतः समर्थ कवि असून दुसऱ्याच्या ग्रंथांत आपला एक शब्दही राहूं नये म्हणून झटणें, हें अमानित्वाचें प्रत्यक्ष रूप होय. बाहियास मिळालेला उपदेशही, आपल्या पदरचें मिसळूं नये, हाच होता.

यावर असा आक्षेप येईल कीं, वागणुकीचें सोंगही आणतां येतें. तें खरें आहे. म्हणूनच जुन्या ग्रंथकारांनीं वागणूक कोणत्या प्रसंगीं पाहावी हें सुचविलें आहे. मान मिळत असतां मनुष्य काय करतो, हें बाहियाच्या कथेवरून. अपमान झाला असतां काय करतो, हें पूर्णाच्या कथेवरून. आणि हातीं सत्ता असतां काय करतो, हें अशोकाच्या शासनावरून. या तिन्ही प्रसंगीं दीर्घकाळ सोंग टिकविणें कठीण. दुसरा आक्षेप असा कीं, यानें आंतरिक अनुभवास किंमत राहत नाहीं. तसें नाहीं. अनुभव ज्याचा त्यास असतो, त्याची किंमतही तोच जाणे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्या अनुभवाची जी सांवली वागणुकीवर पडते, तेवढीच पाहतां येते.

संग्राहकांस यावरून कांहीं व्यवहारोपयोगी नियम काढतां येतील. 'सिद्ध' किंवा 'साक्षात्कारी' हें विशेषण आढळल्यास तें कोणी लाविलें, त्या पुरुषानें कीं शिष्यानें कीं पुढील पिढींतील नक्कल करणारानें, हें प्रथम पाहावें. तें त्याच्या हयातींतील कीं मागाहूनचें, हें नंतर पाहावें. आणि मान, अपमान व अधिकार यांपैकीं एखाद्या प्रसंगींची त्याची वागणूक कोठें नोंदलेली आहे काय, याचा शोध करावा. ही नोंद चमत्कारांच्या पोथींत क्वचितच मिळते. ती मिळते पत्रांत, मठाच्या जमाखर्चांत, वांटणीच्या कागदांत, निवाड्यांत. म्हणजे ज्या सुट्या कागदांस आपण गाथेच्या बासनाइतका मान देत नाहीं, त्यांत.

येथें एक निकडीची गोष्ट सांगावयास हवी. इ. स. १९७० मध्यें नवी मुंबईच्या उभारणीचें काम सुरू झालें, तेव्हां ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गांवांची, सुमारें ३४४ चौरस किलोमीटर, भूमि त्या योजनेंत आली. या गांवांतील आगरी, कोळी व इतर घरांत श्रावणांत पोथी लावण्याची चाल जुनी आहे. कौलारू घर मोडून इमारत उठते, त्या वेळीं देवघरांतील लाल फडक्यांतलें जीर्ण बासन बहुधा श्रद्धेनेंच खाडींत सोडलें जातें. विसर्जन करणाराचा भाव चांगलाच असतो. पण पोथीबरोबर तिच्या शेवटच्या पानावरील नक्कल करणाराचें नांव, गांव, शक, आणि मध्येंच खोंचलेली एखादी चिठ्ठी किंवा देण्याघेण्याची याद, हींही जातात. छापील पोथी दुसरी मिळेल. तें पान मिळणार नाहीं. ज्यांस शक्य असेल त्यांनीं अशा घरीं जाऊन, बासन मागून न घेतां, निदान शेवटचें पान व सुटे कागद यांची छायाचित्रें घ्यावीं, घरमालकाच्या अनुज्ञेनें टिपण करावें, आणि मूळ वस्तु त्याच्या स्वाधीन ठेवावी.

कोंकणांतील कोणा अप्रसिद्ध पुरुषाविषयीं पुढें कधीं कोणी विचारील कीं, हा खरोखर ज्ञानी होता काय, तर उत्तर देण्यास लागणारें साहित्य त्या कागदांतच असणार. त्याच्या नांवामागें किती विशेषणें होतीं यावरून तें ठरणार नाहीं. दुष्काळांत त्यानें शेजाऱ्याचें देणें सोडलें काय, शिवी ऐकून तो कसा वागला, गांवानें मान दिला तेव्हां त्यानें तो कोणाकडे वळविला, यावरून तें ठरेल. शितावरून परीक्षा करावयाची तर निदान एक शीत तरी हातीं राहिलें पाहिजे.